बैलाची वैरण आणि इंजिनाचे तेल

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेला आणि जमिनीला वाफसा आला, म्हणजे शेतकऱ्याच्या हाती थोडेच दिवस उरतात. त्या दिवसांत पाभर चालली तर पेरणी साधते. ते दिवस हुकले तर एक तर ओल उडून जाते, नाही तर पुन्हा पाऊस लागून रान चिबडते. नेमक्या याच वेळी पहिल्या दिवशी ताठ मानेने चाललेला बैल तिसऱ्या दिवशी तासाच्या निम्म्यावर उभा राहतो. शेजारच्या रानात भाड्याने आणलेला ट्रॅक्टर चढाला लागताच काळा धूर ओकू लागतो. दोन्ही बांधांवर एकच उद्गार ऐकू येतो : ‘दम नाही.’

बैल हा सजीव प्राणी आणि ट्रॅक्टर हे निर्जीव यंत्र. तरीही शेतकरी दोघांच्या बाबतीत एकच शब्द वापरतो आणि शास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच आहे. दोघांचाही दम एकाच रीतीने उत्पन्न होतो व बहुधा एकाच प्रकारच्या चुकांमुळे कमी पडतो. ही रीत नीट समजून घेतल्यास मृगात येणाऱ्या अडचणीचा बंदोबस्त वैशाखातच करता येतो.

शक्ती नव्याने निर्माण होत नाही

कोणतेही काम फुकट होत नाही, हा अनुभव शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या आहे. शास्त्रज्ञांनी तोच अनुभव मोजून सिद्ध केला. १८४० साली रॉबर्ट मायर नावाचा एक तरुण जर्मन डॉक्टर जहाजावरील वैद्य म्हणून जावा बेटाकडे गेला होता. तेथील उष्ण हवेत खलाशांच्या शिरांतून काढलेले रक्त आपल्या थंड देशातल्यापेक्षा अधिक लाल असल्याचे त्याच्या ध्यानात आले. उष्ण प्रदेशात शरीर ऊबदार राखण्यासाठी कमी अन्न जाळावे लागते, त्यामुळे रक्तातील प्राणवायू कमी खर्च होतो, असे अनुमान त्याने काढले. अन्न, उष्णता व काम यांचा एकमेकांशी पक्का हिशेब असला पाहिजे, हा विचार त्याने १८४२ साली प्रसिद्ध केला. त्याच दशकात इंग्लंडमधील मँचेस्टर येथे जेम्स जूल याने वजनाच्या साहाय्याने पाण्यात वल्ही फिरवून, कामाने पाणी किती तापते याचे मोजमाप केले.

त्या मोजमापाचा सारांश असा. एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापविण्यास जी उष्णता लागते तिला या लेखात एक उष्मांक म्हटले आहे. एक उष्मांक म्हणजे सुमारे ४२७ किलो वजन एक मीटर उंच उचलण्याइतके काम. एक अश्वशक्तीचे यंत्र तासभर चालले म्हणजे जे काम होते ते सुमारे ६४० उष्मांकांचे असते. ऊर्जा एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते, पण ती नव्याने निर्माण होत नाही व नाहीशीही होत नाही. बैलाने ओढलेल्या प्रत्येक तासाची किंमत वैरणीत व पंपाने उपसलेल्या प्रत्येक घागरीची किंमत तेलात किंवा विजेत मोजावीच लागते.

दोघांचेही भांडार सूर्याचे

वैरण व तेल यांमध्ये ही ऊर्जा साठते कशी? १७७९ साली इंगेनहूझ या डच वैद्याने दाखवून दिले की, वनस्पतींचे हिरवे भाग सूर्यप्रकाशातच प्राणवायू बाहेर टाकतात. अंधारात टाकीत नाहीत. पुढील संशोधनाने या क्रियेचा उलगडा झाला. ज्वारीचे पान हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वायू व मुळांनी आणलेले पाणी यांपासून साखर तयार करते आणि त्या कामी सूर्यप्रकाशाची ऊर्जा वापरते. साखरेपासून पुढे दाण्यातील पिष्टमय पदार्थ व ताटातील काष्ठमय तंतू बनतात. शेतावर वर्षभरात पडणाऱ्या उन्हातील जेमतेम शंभरावा हिस्सा, पुष्कळदा त्याहूनही कमी, पिकात साठतो. परंतु दाणा, कडबा, सरपण व माणसाचे अन्न हे सारे त्या लहानशा हिश्श्यातूनच येते.

खनिज तेलाचे मूळही हेच आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात वाढलेल्या अतिसूक्ष्म जीवांचे अवशेष गाळाखाली दबून त्यांचे तेल झाले. कडब्यात गेल्या हंगामाचे ऊन साठलेले असते, डिझेलमध्ये कोट्यवधी वर्षांपूर्वीचे. कडबा पुढील वर्षी पुन्हा पिकतो. तेल एकदा जळले की संपले.

बैलाच्या शरीरातील ज्वलन

फ्रान्समधील लाव्हाझिए व लाप्लास या दोघा शास्त्रज्ञांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात एक साधा परंतु महत्त्वाचा प्रयोग केला. बर्फाने वेढलेल्या भांड्यात त्यांनी गिनिपिग हा लहानसा प्राणी ठेवला, त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजले आणि तो किती दूषित वायू बाहेर टाकतो याच्याशी ताडून पाहिले. कोळसा जळतानाही असाच वायू व अशीच उष्णता निघते. यावरून श्वासोच्छ्वास म्हणजे एक प्रकारचे मंद ज्वलन होय, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हे ज्वलन केवळ फुप्फुसात होत नसून शरीराच्या प्रत्येक पेशीत होते, हे पुढे निश्चित झाले.

बैलाच्या बाबतीत या ज्वलनाची तयारी पोटात होते. कडब्यातील काष्ठमय तंतू पचविणारे पाचकरस बैलाच्या स्वतःच्या शरीरात नसतात. ते काम त्याच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात राहणारे असंख्य सूक्ष्मजंतू करतात. बैल रवंथ करून वैरण बारीक करतो, सूक्ष्मजंतू ती आंबवितात आणि त्यातून निर्माण होणारी आम्ले रक्तात शोषली जातात. हेच बैलाचे खरे इंधन होय. हे सूक्ष्मजंतू नीट वाढण्यास नत्र लागते, आणि कडब्यात नत्र फार थोडे असते. म्हणूनच नुसत्या कडब्याने पोट भरले तरी अंगी जोम येत नाही.

रक्तातून हे इंधन स्नायूंच्या पेशींत पोहोचते. तेथे तंतुकणिका नावाच्या अत्यंत सूक्ष्म कणांत प्राणवायूच्या साहाय्याने त्याचे ज्वलन होते. मात्र येथे ज्वाला नसते. उंच कड्यावरून पाणी एकदम कोसळण्याऐवजी ते पायऱ्यापायऱ्यांनी उतरावे, त्याप्रमाणे अनेक लहान टप्प्यांनी ऊर्जा बाहेर पडते व ‘एटीपी’ या रासायनिक द्रव्यात साठविली जाते. स्नायू आखडताना हेच द्रव्य खर्च होते. त्यामुळे सुमारे साडेअडतीस अंश सेल्सिअस एवढ्या बेताच्या उष्णतेवरही बैलाचे शरीर काम करू शकते. तरीही, कामासाठी जाळलेल्या अन्नातील सुमारे चौथा हिस्साच प्रत्यक्ष कामी येतो. उरलेल्या तीन हिश्श्यांची उष्णता होते. काम करणारा बैल धापा टाकतो तो ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी व अधिक प्राणवायू घेण्यासाठी.

इंजिनातील ज्वलन

डिझेल इंजिनात हीच क्रिया धगधगीत स्वरूपात होते. नळकांड्यात ओढलेली हवा दट्ट्याने दाबून तिचे आकारमान पंधराव्या ते विसाव्या हिश्श्यावर आणले जाते. एवढ्या दाबाने हवा ५०० अंशांहून अधिक तापते व तीत फवारलेले तेल ठिणगीवाचून पेट घेते. तापलेले वायू दट्ट्यास ढकलतात आणि चाक फिरते. रुडॉल्फ डिझेल याच्या अशा इंजिनाची यशस्वी चाचणी जर्मनीत १८९७ साली झाली. तेलातील सुमारे २६ टक्के ऊर्जा त्याने कामात उतरविली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानाने ही मोठीच मजल होती. पुढे १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनात याच जातीचे एक लहान इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले. इंजिनाला जमिनीतील तेलही चालते व शेतातील तेलही चालते, कारण जळणारी द्रव्ये दोहोंतही कर्ब व हायड्रोजन हीच आहेत.

आजचे पाच अश्वशक्तीचे पंपाचे इंजिन सुस्थितीत असेल तर पूर्ण भारावर तासाला साधारणतः सव्वा लिटर डिझेल घेते. त्यात सुमारे १०,७०० उष्मांक असतात व त्यांपैकी ३,२०० उष्मांकांचे काम होते. हे प्रमाण शंभरात तीस पडते. राहिलेली उष्णता धुराड्यावाटे व थंड करणाऱ्या पाण्यावाटे निघून जाते.

येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. एक लिटर डिझेल पूर्णपणे जळण्यास सुमारे १०,००० लिटर हवा लागते. म्हणजे तेलाइतकीच हवाही इंजिनाची वैरण आहे. हवेची गाळणी धुळीने कोंदली की तेल अर्धवट जळते आणि विकत घेतलेले उष्मांक काजळी होऊन काळ्या धुरावाटे उडून जातात. विजेची मोटर धूर सोडीत नाही व तिला मिळालेल्या विजेपैकी बराच मोठा भाग कामी लावते. परंतु ती वीज कोळशावर झालेली असल्यास जळालेल्या कोळशातील सुमारे दोनतृतीयांश ऊर्जा वीजकेंद्रातच उष्णतारूपाने गेलेली असते.

उभ्या बैलाचा खर्च

आता जमाखर्च मांडून पाहू या. सुमारे ४०० किलो वजनाचा बैल काही काम न करता गोठ्यात उभा राहिला, तरी त्याचे हृदय, फुप्फुसे, आतडी व अंगची ऊब यांसाठी दिवसाकाठी सुमारे १०,५०० उष्मांक खर्च होतात. पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर तासभरात साधारण इतकेच उष्मांक जाळते. फरक एवढाच की, इंजिन बंद केल्यावर त्याचा खर्च थांबतो. बैलाचा थांबत नाही.

हाच बैल अर्ध्या अश्वशक्तीने दिवसात सहा तास चालला तर सुमारे १,९०० उष्मांकांचे काम होते व त्यासाठी त्याला सुमारे ७,७०० उष्मांक जास्त लागतात. म्हणजे कामाच्या दिवसाची गरज १८,००० उष्मांकांच्या घरात जाते. एक किलो कोरड्या कडब्यापासून बैलाला प्रत्यक्ष उपयोगी पडणारे उष्मांक सुमारे १,८५० मिळतात. उभ्या बैलाला सहा किलो कडबा पुरतो. कामाच्या बैलाला मात्र पावणेदहा किलो लागेल. परंतु कडबा जाडाभरडा असल्याने आठ किलोंच्या आसपास खाल्ल्यावर एवढ्या बैलाचे पोट भरते. सुमारे ३,००० उष्मांकांची तूट राहते.

ही तूट बैल अंगावरील चरबीतून व पुढे मांसातून भरून काढतो. चैत्र-वैशाखात काम नाही म्हणून ज्या बैलाला निकृष्ट वैरणीवर ठेवले, त्याच्या अंगी हा साठा उरलेलाच नसतो. तिसऱ्या दिवशी तासात उभा राहणारा बैल आळशी नसतो. त्याची शिल्लक संपलेली असते. त्याला पराणी टोचून उष्मांक निर्माण होत नाहीत.

वर्षाचा हिशेब आणखी बोलका आहे. बैलाला वर्षात १०० दिवस काम मिळाले असे धरल्यास, त्याला मिळालेल्या उपयुक्त उष्मांकांपैकी शंभरातील चारच कामी येतात. २०० दिवस काम मिळाल्यास हेच प्रमाण सातपर्यंत जाते. बैल महाग पडतो तो त्याच्या खाण्यामुळे नव्हे, तर त्याच्या रिकामे उभे राहण्यामुळे.

एवढ्यावरून बैल हे टाकाऊ साधन ठरत नाही. ज्या कडब्यातून माणसाला अन्नाचा कणही मिळत नाही, त्यावर तो काम करतो. त्याचे इंधन शेतातच पिकते. लहान व उतारावरच्या रानात, कोळपणी-डवरणीच्या कामी तो सहज वळतो. शिवाय न पचलेल्या वैरणीतील ऊर्जा शेणात शिल्लक असते. एक किलो ताज्या शेणापासून गोबरगॅस संयंत्रात सुमारे ४० लिटर गॅस मिळतो व खतही हाती राहते. इंजिनाच्या धुरातून असे काहीच परत मिळत नाही. उलटपक्षी, खोल नांगरट किंवा थोड्या वेळात पुष्कळ पाणी उपसणे ही कामे इंजिनाचीच होत. प्रत्येक कामाला योग्य साधन लावावे आणि त्या साधनाला पुरेसे इंधन द्यावे, हाच या हिशेबाचा अर्थ.

शेतकऱ्यांनी काय करावे?

बैलांच्या बाबतीत पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. पेरणीच्या निदान सहा आठवडे आधीपासून बैलांची खुराकी सुधारावी. कामाच्या दिवसांत वैरणीखेरीज रोज प्रत्येकी एक ते दोन किलो आंबोण द्यावे. त्यात पेंड, चुणी व कोंडा यांचा समावेश असावा. पेंडीमुळे सूक्ष्मजंतूंना नत्र मिळते व कडबाही अधिक चांगला पचतो. आंबोण एकदम वाढवू नये. आठवडाभरात थोडेथोडे वाढवीत न्यावे, अन्यथा पोट बिघडते.

२. कडबा कुट्टी करून घालावा. त्यामुळे बुडख्यांची नासाडी टळते.

३. भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड यांसारख्या हलक्या वैरणीवर युरियाची प्रक्रिया करता येते. १०० किलो वैरणीसाठी ४ किलो युरिया सुमारे ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, वैरण दाबून हवाबंद झाकावी व तीन आठवड्यांनी उघडावी. वास उडून जाण्यासाठी ती काही वेळ पसरून ठेवावी व मगच घालावी. सहा महिन्यांखालील वासरांना ती देऊ नये. युरिया किंवा त्याचे पाणी जनावराच्या पोटात थेट गेल्यास ते दगावते. यास्तव पहिल्या वेळी ही प्रक्रिया पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली करावी.

४. काम सकाळी लवकर व दुपार कलल्यावर घ्यावे. भर दुपारी अंगची उष्णता बाहेर पडत नाही व बैल लवकर थकतो. सावली व भरपूर पाणी हीदेखील वैरणीइतकीच महत्त्वाची आहेत.

५. जू खांद्याला नीट बसणारे असावे. खांदा सोलवटलेला बैल पोट भरलेले असूनही जोर लावीत नाही.

६. एकेक बैल असलेल्या शेतकऱ्यांनी सावड करावी. जोडी पूर्ण होते, कामाचे दिवस वाढतात व रिकाम्या बैलाचा खर्च वाटला जातो.

इंजिन, पंप व ट्रॅक्टर यांच्या बाबतीत पुढील दक्षता घ्यावी.

१. हवेची गाळणी धुळीच्या दिवसांत रोज पाहावी. काळा धूर दिसताच कारण शोधावे. बहुधा हवा कमी पडलेली असते, भार अधिक झालेला असतो किंवा तेल फवारणारा भाग बिघडलेला असतो.

२. पाईपचा व्यास बेताचा घेऊ नये. तेवढेच पाणी निम्म्या व्यासाच्या पाईपमधून नेण्यास घर्षणामुळे होणारी नुकसानी सुमारे ३२ पट होते. अनावश्यक वळणे व गळका फूटव्हॉल्व्ह यांमुळेही तेल वाया जाते.

३. इंजिन कामाच्या मानाने फार मोठे घेऊ नये. अर्ध्याहून कमी भारावर चालणारे इंजिन प्रत्येक अश्वशक्तीमागे अधिक तेल खाते.

४. पट्टा घसरत असल्यास ताणून घ्यावा. ट्रॅक्टरची चाके ओल्या रानात जागच्या जागी फिरत असतील तर काम थांबवून वाफशाची वाट पाहावी. घसरणारे चाक तेल जाळते व जमीनही दाबते.

कार्यकर्त्यांसाठी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या विषयाचे प्रात्यक्षिक अक्षय तृतीयेच्या सुमारास गावात घ्यावे. दोन-तीन गोठ्यांतील बैलांच्या छातीचा घेर टेपने मोजून वहीत नोंदवावा. पेरणीच्या तोंडावर व पेरणी संपल्यावर तो पुन्हा मोजावा. ज्या गोठ्यात आंबोण चालू होते व ज्या गोठ्यात नव्हते, त्यांतील फरक शेतकऱ्यांना व्याख्यानावाचून पटेल. त्याचप्रमाणे एखाद्या पंपाची गाळणी साफ करण्यापूर्वी व साफ केल्यानंतर धुराचा रंग दाखवावा आणि एका तासात लागणारे तेल मापाने मोजून दाखवावे.

वाफसा शेतकऱ्याच्या हाती नसतो. तो पावसाच्या हाती असतो. परंतु वाफसा येईल त्या सकाळी जू उचलण्याइतकी ताकद बैलाच्या अंगी असावी, इंजिनाची गाळणी साफ असावी व टाकीत तेल असावे, हे सर्वस्वी त्याच्याच हाती आहे. वैशाखात गव्हाणीत पडलेली पेंडीची पाटी मृगात तासातासाने परत मिळते.